कांडीपुरती जादू

आमच्या मोहिमेतले शहर विणकरांचे आहे. तळ्याला लागून भुईकोट किल्ला, पूर्वेला मागांची वस्ती, चार भाषा बोलणारा बाजार आणि चैत्र लागताच अंगावर येणारे ऊन, हा नकाशा सोलापूरकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन आणि फासे टाकून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. आम्ही त्याच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ सालचे नियम वापरतो आणि रविवारी दुपारी जुळे सोलापुरातल्या एका मित्राच्या घरी जमून खेळतो. गोष्ट चालवण्याचे, म्हणजे डंजन मास्टरचे काम माझ्याकडे आहे. चोर, फायटर (लढवय्या), क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुरोहित) आणि विझार्ड (जादूगार) अशी चार पात्रे पाचव्या लेव्हलला पोचली, तेव्हा त्यांच्या हाती जादूच्या वस्तू पडण्याची वेळ आली. नियमपुस्तकात अशा वस्तू शेकड्यांनी आहेत आणि त्यांतल्या कित्येक उत्तम आहेत. पण तलवारी, छड्या आणि झगे यांच्या त्या यादीतले काहीही आमच्या विणकरांच्या शहरात घडले असेल असे वाटेना. म्हणून या मोहिमेपुरत्या वस्तू मी स्वतः बनवायला घेतल्या.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जादूच्या वस्तूंच्या दुर्मीळतेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: कॉमन, अनकॉमन, रेअर, व्हेरी रेअर, लेजेंडरी आणि त्यापलीकडे आर्टिफॅक्ट. साधारण पाचव्या लेव्हलपासून रेअर आणि अकराव्यापासून व्हेरी रेअर वस्तू द्याव्यात, असे मार्गदर्शन नियमांत आहे. काही वस्तूंशी पात्राला आधी जुळवून घ्यावे लागते. याला अट्यूनमेंट म्हणतात. त्यासाठी एक शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, द्यावी लागते आणि एका पात्राला एका वेळी तीनच वस्तूंशी असे जुळता येते. वस्तू बनवणाऱ्याच्या हातात मोजमापाची साधने आहेत ती एवढीच. बाकी सारे त्याच्या विचारावर आणि टेबलावरच्या अनुभवावर अवलंबून राहते.

बहुतेक जण वस्तू बनवताना ताकदीपासून सुरुवात करतात आणि ताकद फार झाली असे वाटले की वरून एखादी अट लावतात: दिवसातून तीनदाच चालेल, किंवा पहाटे पुन्हा भरेल. हिशोबापुरती अशी अट चालते. पण ती कोणत्याही वस्तूला लावता येते, आणि म्हणूनच ती खेळाडूच्या लक्षात राहत नाही. वस्तू वापरताना त्याच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही, फक्त कागदावरचा एक चौकोन खोडला जातो. या कामात माझे मत असे पक्के झाले की अट आधी शोधावी आणि ती वस्तूच्या स्वतःच्या स्वभावातून निघावी. ताकद किती द्यायची हे मग त्या अटीच्या मापाने ठरवता येते.

पहिली वस्तू होती धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारे लाकडी साधन. शहर विणकरांचे म्हटल्यावर चोराच्या हातात फेकून मारायचा धोटा असावा, हे सहज सुचण्यासारखे होते. पहिल्या मसुद्यात तो अधिक एकचे, म्हणजे वाराच्या फाशात आणि मारात एकेक मिळवणारे, शस्त्र होता आणि फेकल्यावर हातात परत येत असे. या खेळात अधिक एकला मोठी किंमत आहे, कारण पाचव्या आवृत्तीत सगळे आकडे मुद्दाम आवरून धरलेले आहेत. पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे पात्राच्या कौशल्याचे फाशात मिळणारे गुण, दोनवरून सहापर्यंतच जातो. तरीही मी आकडेमोड करून पाहिली. आमच्या चोराचा अटॅक बोनस, म्हणजे वाराच्या फाशात मिळवायचा आकडा, सात आहे. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार बसायला गाठावा लागणारा आकडा, १५ असेल तर त्याला वीस बाजूंच्या फाशावर आठ किंवा वर लागते, म्हणजे वार बसण्याची शक्यता ६५ टक्के. अधिक एकने ती ७० टक्के होते. फेकलेल्या सुऱ्याचा सरासरी मार साडेसहा धरला तर दर वाराला हाती पडणारा मार सव्वाचारच्या आसपास येतो, आणि जादूचा धोटा दिला तर सव्वापाच. स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेल्या वाराचा चोराला मिळणारा जादा मार, बाजूला ठेवला तर सगळा फरक एका गुणाचा. संपूर्ण मोहिमेत हा एक गुण चोराला उपयोगी पडला असता यात शंका नाही, पण कोणाच्याही आठवणीत राहिला नसता. शिवाय फेकल्यावर परत येणारे शस्त्र या खेळात नवे नाही. त्यात धोट्याचे असे काहीच नव्हते. त्या जागी विळा किंवा कुऱ्हाड घातली असती तरी चालले असते.

तेव्हा मी खरा धोटा नीट पाहायचे ठरवले. पूर्व भागातल्या एका मित्राच्या वडिलांचे यंत्रमाग आहेत. माग चालू असताना तिथे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, त्यामुळे काकांनी एक माग थांबवून धोटा माझ्या हातात दिला. लाकडी, गुळगुळीत, दोन्ही टोकांना धातूची अणकुचीदार टोपणे, मधोमध पोकळी आणि पोकळीत सूत गुंडाळलेली कांडी. सुताचे टोक बाजूच्या छिद्रातून बाहेर आलेले. उभ्या धाग्यांचा ताणा वरखाली फाकतो, मधल्या फटीतून धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो आणि मागे आडवा धागा ठेवून जातो, हे पाठ्यपुस्तकातही असते. काकांनी सांगितले ते निराळे होते. ते म्हणाले, “धोटा किती पळतोय ते बघू नकोस, कांडीत सूत किती उरलंय ते बघ. कांडी संपली की धोटा नुसता पळतो, कापड होत नाही. म्हणून माग थांबवायचा आणि कांडी बदलायची.” कांड्या भरण्याचे काम वेगळे, भरणारी माणसे वेगळी, पूर्व भागात कित्येक घरांत बायकांनी वर्षानुवर्षे ते केले आहे. मागावर बसणारा विणकर त्यांच्या हातच्या कांडीवर अवलंबून असतो.

घरी परतताना वस्तूचा अर्धा आराखडा डोक्यात तयार होता. धोटा कधीच एका हाताचे काम करत नाही. त्याला सुटायला एक टोक आणि पोचायला दुसरे टोक लागते. म्हणून आमचा धोटा शत्रूला मारायचा नाही, सोबत्याकडे फेकायचा. त्यात जादू आहे ती मागे राहणाऱ्या धाग्याची, आणि ती कांडीत जेवढा धागा आहे तेवढीच. त्यातले शब्द आधी सांगतो: टर्न म्हणजे लढाईतली आपली पाळी; तिच्यात एक मुख्य कृती, म्हणजे ॲक्शन, आणि कधी एक जोडकृती, म्हणजे बोनस ॲक्शन, करता येते; रिॲक्शन ही दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी प्रतिक्रिया. सेव्हिंग थ्रो म्हणजे बचावासाठी टाकायचा फासा आणि डीसी म्हणजे त्यात गाठायचा आकडा. बरेच दिवस घासून तयार झालेला मजकूर असा आहे:

“विणकराचा धोटा. अद्भुत वस्तू, अनकॉमन. याच्या कांडीत तीन फेऱ्यांचा धागा असतो. तुमच्या टर्नमध्ये बोनस ॲक्शन वापरून तुम्ही हा धोटा तीस फुटांच्या आत असलेल्या, तुम्हाला दिसणाऱ्या सोबत्याकडे फेकू शकता. सोबत्याने रिॲक्शन वापरून तो झेलला, तर एक फेरी खर्च होते आणि तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत तुम्हा दोघांमध्ये सरळ रेषेत धागा ताणलेला राहतो. ती रेषा ओलांडणाऱ्या पहिल्या शत्रूला १३ डीसीचा स्ट्रेंग्थ सेव्हिंग थ्रो करावा लागतो. तो फसला तर त्या टर्नच्या शेवटापर्यंत शत्रूचा वेग शून्य होतो. सेव्ह साधो वा फसो, धागा तुटतो. तुम्हा दोघांतले अंतर तीस फुटांपेक्षा जास्त झाले तरी धागा तुटतो. धोटा झेलला गेला नाही, तर तो सोबत्याच्या पायाशी पडतो आणि फेरी खर्च होत नाही. रिकामी कांडी भरण्यासाठी, धोटा बाळगणारा सोडून दुसऱ्या कोणीतरी लाँग रेस्टमधला एक तास द्यावा लागतो.”

या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक शब्द टेबलावर तपासून घेतलेला आहे. “पहिल्या शत्रूला” हे आधी नव्हते. रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाला सेव्ह करावा लागत असे. चाटी गल्लीसारख्या अरुंद बोळात दरोडेखोरांशी गाठ पडली तेव्हा फायटर आणि क्लेरिक दोन भिंतींना टेकून उभे राहिले आणि दोघांमधल्या एका धाग्याने अख्खी टोळी अडवली. साध्या दरोडेखोराला स्ट्रेंग्थचा बोनस नसतो, त्यामुळे फाशावर १३ किंवा वर पडले तरच तो सुटतो. म्हणजे प्रत्येकाची अडकण्याची शक्यता ६० टक्के. चकमक जिंकली गेली, पण तिच्यात कोणाला काही ठरवावे लागले नाही. उपाय शोधायला लांब जावे लागले नाही. सुताचा धागा एकाला अडवील, दुसऱ्याच्या धक्क्याने तुटेल. धागा तुटतो हे वाक्य घातले आणि पुढच्या बोळात खेळाडू आपापसात बोलू लागले की पहिला येईल तो म्होरक्या असावा म्हणून काय करायचे. मला हवे होते ते हेच बोलणे.

रिॲक्शनची किंमत लावण्यामागेही असाच विचार होता. पाचव्या लेव्हलचा चोर आपल्यावर बसलेल्या वाराचा मार अर्धा करण्यासाठी रिॲक्शन राखून ठेवतो, विझार्ड शील्ड मंत्रासाठी ठेवतो, फायटर जवळून निसटणाऱ्या शत्रूवर वार करण्यासाठी ठेवतो. धोटा झेलणारा आपला पुढचा टर्न येईपर्यंत हे सोडून देतो. त्यामुळे धोटा कोणाकडे फेकायचा हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो आणि त्याचे उत्तर फेकणाऱ्याला एकट्याला देता येत नाही. आमच्याकडे क्लेरिक खेळणारी मैत्रीण बहुधा हात पुढे करते, कारण तिच्या पात्राची रिॲक्शन अनेकदा मोकळी असते. पूर्वी लढाईत मागे राहून जखमा बऱ्या करणारे ते पात्र त्यामुळे पुढे येऊन उभे राहू लागले. एका वस्तूमुळे पात्राची रणांगणावरची जागा बदलावी, याचा मला फार आनंद झाला.

कांडी दुसऱ्याने भरावी या अटीवर सुरुवातीला थोडी कुरकुर झाली. नेहमीची पद्धत अशी की छडीत सात चार्ज असतात आणि पहाटे फासा टाकून त्यांतले काही परत येतात. ती पद्धत सोपी आहे आणि बहुतेक वस्तूंना चांगली शोभते. पण कांडी आपोआप भरत नाही, ती कोणीतरी भरते, आणि हे या शहरात जन्मलेल्या पात्रांना ठाऊक असायला हवे. लाँग रेस्टमध्ये झोपेव्यतिरिक्त दोन तासांपर्यंत हलके काम चालते, त्यात हा एक तास सहज बसतो. पण त्या तासामुळे मुक्कामाच्या वेळी दोन पात्रे शेकोटीपाशी एकत्र बसू लागली आणि त्यांच्यात संभाषणे होऊ लागली, जी एरवी “आम्ही आराम करतो” या एका वाक्यात संपून गेली असती. पुढे विझार्डने विचारले की सुताऐवजी महाकाय कोळ्याचा धागा भरला तर? मी त्या कांडीपुरता डीसी १५ केला. कोळी शोधायला जाण्यात आमची पुढची बैठक गेली.

वस्तूची पायरी ठरवायला मी पुस्तकातल्या वँड ऑफ वेबची मदत घेतली. ती अनकॉमन आहे, मंत्र टाकणाऱ्याची अट्यूनमेंट मागते, तिच्यात सात चार्ज असतात, डीसी १५ असतो आणि तिच्यातून निघणारे जाळे वीस फुटांची जागा व्यापते. आमचा धोटा तीनच वेळा चालतो आणि एका वेळी एकालाच अडवतो, त्यामुळे तो अनकॉमनमध्ये आरामात बसतो आणि अट्यूनमेंट न मागणेही परवडते. अट्यूनमेंट काढण्याचे आणखी एक कारण होते: जी वस्तू हातोहात फिरण्यासाठीच आहे, ती एकाच्या नावावर चढवणे मला पटले नाही.

दुसरी वस्तू चादर होती, आणि तिची अट तर कापडातच विणलेली होती. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ती घराघरांत आहे, आणि आमच्याकडे पाहुण्याला निरोप देताना चादर देण्याची रीत आहे. दुहेरी विणीची चादर दोन्ही बाजूंनी अंगावर घेता येते. एका बाजूला जो रंग नक्षीचा तो दुसऱ्या बाजूला जमिनीचा. दोन्ही बाजू खऱ्या, पण एका वेळी वर एकच राहते. मला आणखी काही शोधावे लागले नाही. उजळ बाजू वर असेल तर आर्मर क्लास अधिक एक. गडद बाजू वर असेल तर लपताना स्टेल्थच्या चाचणीला ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा.

प्रश्न उरला तो उलटण्याच्या किमतीचा, आणि या एका गोष्टीवर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला. चादर फुकटात उलटता आली तर खेळाडू लपताना गडद बाजू करील, बाकी सर्व वेळ उजळ, आणि दोन बाजू असण्याला काही अर्थच राहणार नाही. पूर्ण ॲक्शन लावली तर लढाई सुरू झाल्यावर कोणीही चादरीला हात लावणार नाही. पुस्तकातल्या क्लोक ऑफ एल्व्हनकाइंडचे टोपरे वरखाली करायला ॲक्शन लागते आणि माझ्या पाहण्यात खेळाडू ते एकदा वर ओढतात आणि विसरतात. बोनस ॲक्शन लावली तेव्हा गोष्ट जमली. चोराची बोनस ॲक्शन पळणे, सटकणे आणि लपणे यांसाठी आधीच हवी असते. ज्या टर्नमध्ये त्याने चादर उलटली त्या टर्नमध्ये लपायचे तर त्याला वार सोडावा लागतो. म्हणजे एक टर्न आधीच विचार करून ठेवावा लागतो, आणि चोराची भूमिका करणाऱ्या आमच्या मित्राला तसा विचार करणे मनापासून आवडते.

चादर अनकॉमन की रेअर यावर मतभेद झाले. क्लोक ऑफ प्रोटेक्शन आणि क्लोक ऑफ एल्व्हनकाइंड हे दोन्ही अनकॉमन आहेत, दोन्हींना अट्यूनमेंट लागते, आणि चादर दोघांपेक्षा थोडे थोडे कमी देते. पहिल्यासारखा सेव्हिंग थ्रोवर बोनस नाही, दुसऱ्याप्रमाणे पाहणाऱ्याला डिसॲडव्हांटेज नाही. त्यामुळे ती अनकॉमनच असावी, असे फायटरचे म्हणणे होते. मी ती रेअर ठेवली. तीन अट्यूनमेंटच्या मर्यादेत दोन झग्यांचे काम एकाच जागेत होणे ही स्वतंत्र ताकद आहे आणि ती जमेस धरली पाहिजे.

याच सुमारास एका खेळाडूने सुचवले की सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजावरून एखादी काठी बनवावी. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला जाते. ते उंच, जड ध्वज तोलून धरणारी माणसे त्यासाठी आधीपासून सराव करतात. सूचना प्रेमाने केलेली होती, पण मी ती घेतली नाही. ध्वज पेलणाऱ्याला त्यातून कुठली ताकद मिळवायची नसते, तो सेवा म्हणून पेलतो. त्याला अधिक दोन किंवा अधिक तीन लावले की त्याचा अर्थच उलटा होतो. ज्या गोष्टीपुढे टेबलावरची माणसे हात जोडतात ती फाशांवर आणू नये, असे मला वाटते, आणि सर्वांनी ते मानले.

तिसरी वस्तू उन्हाने दिली. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो, नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, आणि आमच्या मोहिमेतला पुढचा प्रवास दुष्काळी माळावरून होता. २०१४च्या नियमांत पाण्याचा हिशोब स्पष्ट आहे: माणसाला दिवसाला एक गॅलन, म्हणजे सुमारे चार लिटर पाणी लागते, कडक उन्हात त्याच्या दुप्पट. अर्धेच मिळाले तर १५ डीसीचा कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणाचा, सेव्ह करावा लागतो, तो फसला तर थकव्याची एक पायरी चढते. त्याहून कमी मिळाले तर सेव्हही नाही. अशा सहा पायऱ्या चढल्या की पात्र मरते. पुस्तकातले डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर अनकॉमन आहे आणि हवे तेवढे पाणी ओतते. ते हातात दिले असते तर माळ ओलांडण्याची गोष्टच संपली असती. पाणी निर्माण करणारे मंत्र या माळावर चालत नाहीत, हे आम्ही प्रवासाला निघण्यापूर्वी सर्वांच्या संमतीने ठरवले होते.

माठ पाणी निर्माण करत नाही, गार करतो, आणि गार करण्याची किंमत त्याच पाण्यातून देतो. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगावर त्याची वाफ होते आणि ती वाफ आतली उष्णता घेऊन जाते. माठ पाझरला नाही तर पाणी गार होत नाही. घरोघरी उन्हाळ्यात नवा माठ आणतात तो याच कारणाने. यातून नियम आला तो असा: माठात वीस लिटर पाणी मावते. दिवसभर त्यातले गार पाणी प्यायले तर चार लिटरमध्ये आठ लिटरची गरज भागते. मात्र उन्हात चाललेल्या प्रत्येक तासाला एक लिटर पाणी पाझरून जाते, आणि ज्या दिवशी माठ उन्हात एकही तास पाझरला नाही त्या दिवशी पाणी साधेच राहते.

आता चौघांचा हिशोब पाहा. माठ नसेल तर उन्हात ३२ लिटर पाणी लागते. माठ असेल तर सोळा. उन्हात चार तास चालले तर वीसमधले चार जातात आणि बरोबर सोळा उरतात. पाच तास चालले तर एक लिटर कमी पडते आणि कोणाला तरी सेव्ह करावा लागतो. आठ तास चालले तर बारा लिटर उरतात आणि एकाच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणजे दिवसाला चार तास चालायचे आणि माळावर जास्त दिवस काढायचे, की एका माणसाचा थकवा पत्करून लवकर पलीकडे पोचायचे? रात्री चालले तर माठ पाझरत नाही, पण माळावर रात्री काय हिंडते हे त्यांना कळलेले होते. शिवाय भरलेला माठ वीस किलोंच्या वर भरतो आणि तो मातीचा आहे. फायटरने तो पाठीवर घेतला, तेव्हा कोणत्या लढाईत तो खाली ठेवायचा हेही ठरवावे लागले. मी माठ कॉमन ठेवला. त्याच्यात लढाईला उपयोगी असे काहीही नाही, आणि तरी त्या प्रवासात सर्वांत जास्त चर्चा त्याच्यावर झाली.

मजकूर लिहिताना मी खेळाचे अधिकृत मूळ नियम, म्हणजे सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट, समोर ठेवतो. जानेवारी २०२३ पासून त्याची ५.१ ही आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुली आहे, त्यामुळे श्रेय देऊन तिच्यावर आधारलेले आपले मराठी कागद इतरांना देता येतात. शब्दरचना मात्र काटेकोर हवी. कोणाच्या टर्नपर्यंत, कोणती ॲक्शन, किती अंतरावर, आणि दिसणारा की नुसता ऐकू येणारा, एवढे चार प्रश्न मी प्रत्येक वाक्याला विचारतो. टेबलावर मी हजर असल्याने शंका फेडता येते, पण हे कागद पंढरपूर आणि बार्शीकडच्या खेळणाऱ्या मित्रांकडेही गेले आहेत, आणि तिथे वाक्यालाच उत्तर द्यावे लागते.

सध्या चौथी वस्तू हातात आहे. काकांच्या मागावर जकार्डचे यंत्र आहे; भोके पाडलेले पुठ्ठे एकमेकांना ओवून केलेली माळ त्यावर फिरते. एक पुठ्ठा म्हणजे धोट्याची एक फेरी. जिथे भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, जिथे नसेल तिथला खालीच राहतो. माळेची दोन टोके जोडलेली असल्याने शेवटच्या पुठ्ठ्यानंतर पुन्हा पहिला येतो आणि नक्षी तशीच पुढे चालू राहते. पुठ्ठ्यांचा क्रम विणकराला मधेच बदलता येत नाही. विझार्डसाठी मी आठ पुठ्ठ्यांची माळ लिहितो आहे. प्रत्येकात एक छोटा मंत्र, बोनस ॲक्शनने माळ एक घर पुढे सरकते, आणि मधला पुठ्ठा गाळता येत नाही. कोणता मंत्र हवा हे निवडणे खेळाडूच्या हाती नाही, कधी पुढे सरकायचे एवढेच आहे. चौथ्या पुठ्ठ्यावर काय असावे यावर आमचे एकमत नाही. विझार्डला तिथे एखादा संरक्षक मंत्र हवा आहे. माझ्या मते तो पुठ्ठा भोके न पाडता कोरा सोडावा, म्हणजे दर आठ घरांत एक टर्न असा येईल की माळ काहीच देणार नाही आणि त्या टर्नची तयारी तीन घरे आधीपासून करावी लागेल. पुढच्या रविवारी कोरा पुठ्ठा घालून खेळायचे आणि त्यानंतरच्या रविवारी विझार्डच्या मनासारखा, असे ठरले आहे.